उतार, उतारू आणि यजमान : मोआब गावातल्या मुक्कामाच्या जागा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण बंदरांची गावं पाहिली, यात्रेची गावं पाहिली. आजचं गाव वाळवंटातलं आहे. तिथं देवस्थान नाही, बंदर नाही, राजधानीही नाही. अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या पूर्व भागातलं हे मोआब. लोक तिथं लाल खडकांवर सायकली चालवायला जातात, उभ्या कड्यांवर दोर लावून चढतात, जीपगाड्या दगडांवरून नेतात, कोलोरॅडो नदीत रबरी होड्या सोडतात. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती होती ५,३६६. आणि गावाला खेटून असलेल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात २०२१ या एका वर्षात १८ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या.

तेव्हा पहिला प्रश्न सरळ आहे. ही सगळी माणसं रात्री झोपतात कुठं? दुसरा प्रश्न त्याच्यामागोमाग येतो, पण तो फारसं कुणी विचारत नाही. सकाळी त्यांच्या चादरी बदलणारी माणसं कुठं झोपतात? माझा आजचा सगळा खटाटोप या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्याचा इतिहास सांगितल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून थोडा धीर धरा.

आपल्या भाषेत एक गंमत आहे, तिथून सुरुवात करू. नदी जिथं पायी ओलांडता येते त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो. नदीला उतार पडला की वाटसरू पलीकडं जातात. प्रवास करणारा तो ‘उतारू’. आणि परगावी गेल्यावर आपण कुणाकडं किंवा कुठल्या हॉटेलात ‘उतरतो’. तिन्ही शब्द एकाच धातूच्या घरातले. पण उतरणं म्हणजे राहणं नव्हे. ‘तुम्ही कुठं उतरलात?’ आणि ‘तुम्ही कुठं राहता?’ हे दोन प्रश्न आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. मधे ‘मुक्काम’ आहे, ‘वस्ती’ आहे, ‘बिऱ्हाड’ आहे, प्रत्येकाची मुदत वेगळी. मोआबचा इतिहास म्हणजे या शब्दांमधल्या सीमारेषांवरची ओढाताण आहे, असं मला वाटतं.

गाव मुळात उतारच. कोलोरॅडो नदी या प्रदेशात बहुतेक ठिकाणी खोल घळईतून वाहते, दोन्ही बाजूंना उभे कडे. माणूस आणि जनावर पाण्यापर्यंत पोहोचेल अशा जागा फार थोड्या. मोआबपाशी मात्र दरी रुंद होते, कडे मागं सरतात, काठ सपाट होतो. म्हणून सांता फे ते लॉस एंजेलिस हा खेचरांच्या तांड्यांचा मार्ग, ज्याला पुढं ‘जुनी स्पॅनिश वाट’ असं नाव पडलं, इथंच नदी ओलांडत असे. १८२९ पासून पुढची साधारण वीस वर्षं ही वाट वाहती होती. त्याच्या कितीतरी आधीपासून यूट लोक या दरीत ये-जा करत होते, आणि त्यांच्याही आधीच्यांनी कोरलेली चित्रं नदीकाठच्या कड्यांवर आजही दिसतात. म्हणजे ‘ओसाड वाळवंटात गोऱ्यांनी गाव वसवलं’ ही गोष्ट खरी नाही. वाटेवरची, पाण्याजवळची, माणसांना पुरती ठाऊक असलेली जागा होती ती.

१८५५ साली मॉर्मन पंथाने ४१ पुरुषांची एक तुकडी इथं पाठवली. त्यांनी दगडी गढी बांधली, शेतं नांगरली. सप्टेंबरात यूट लोकांशी चकमक झाली, तिघे मारले गेले, आणि बाकीचे गढी सोडून परत गेले. त्यानंतर वीसेक वर्षं ती गढी रिकामी. १८७७ मध्ये तिथं दोघे जण येऊन राहिले. एक होता विल्यम ग्रॅनस्टाफ नावाचा मिश्रवर्णीय गुराखी, दुसरा फ्रेंच-कॅनडियन शिकारी, त्याला सगळे ‘फ्रेंची’ म्हणत. मोआबमधला पहिला मुक्काम म्हणाल तर हा : दुसऱ्याने बांधलेल्या, तिसऱ्याच्या भूमीवरच्या पडक्या गढीत. चारेक वर्षांनी ग्रॅनस्टाफवर मूळनिवासींना दारू विकल्याचा आरोप आला आणि तो निघून गेला. ज्या दरीत त्याची गुरं चरत, त्या दरीला पुढं शंभर वर्षं त्याच्या वर्णावरून अपशब्दच नाव म्हणून चिकटला होता. २०१७ मध्ये सरकारी नकाशावर तिचं नाव बदलून ग्रँडस्टाफ कॅन्यन झालं. उतरलेल्या माणसाला गावानं कसं लक्षात ठेवलं, याचा हा एक नमुना.

आता नावाबद्दल. १८८० च्या सुमारास पोस्ट सुरू झालं आणि बायबलातलं ‘मोआब’ हे नाव रूढ झालं. हे नाव सगळ्यांना पसंत नव्हतं. बायबलात मोआबी लोकांची प्रतिमा वाईट आहे. १८९० मध्ये ५९ सह्यांचा एक अर्ज झाला, की गावाचं नाव बदलून ‘व्हायना’ करा. झालं नाही. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात एक वेगळीच मेख दिसते. बायबलातल्या अनुवाद या ग्रंथात मोआबी लोकांना मंडळीत प्रवेश नाकारला आहे, आणि त्याचं एक कारण असं दिलंय, की इजिप्तमधून निघालेले इस्रायली लोक वाटेनं जात असताना यांनी त्यांना भाकर-पाणी दिलं नाही. म्हणजे आतिथ्य केलं नाही म्हणून ज्यांना शाप, त्यांचं नाव अशा गावाला मिळालं, जे पुढं आतिथ्यावरच पोट भरणार होतं. आणि त्याच बायबलात रूथ नावाची मोआबी विधवा परक्या गावात जाते, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते आणि तिथलीच होऊन राहते. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल असं नाही. आपण करू शकतो.

पुढची पन्नास वर्षं मी भरभर सांगतो. फळबागा, विशेषतः पीच, आणि गुरं. रेल्वे गावात आलीच नाही, ती पन्नासेक किलोमीटर उत्तरेला थॉम्पसनवरून गेली. नदीवर आधी तर चालायची, १९१२ मध्ये पूल झाला. १९२९ साली अध्यक्ष हूव्हर यांनी आर्चेसला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. या जाहीरनाम्यामागं रेल्वे कंपनीची खटपट होती, तिला प्रवासी हवे होते. पण इथं एक गोष्ट घडली नाही, आणि तिचा परिणाम आजपर्यंत पुरला आहे. यूटाच्या नैऋत्येला झायन आणि ब्राइस ही जी उद्यानं आहेत, तिथं दुसऱ्या रेल्वे कंपनीनं १९२० च्या दशकात उद्यानाच्या आतच मोठी विश्रामगृहं बांधली. आर्चेसमध्ये तसं काही उभं राहिलं नाही. पुढं १९६४ साली झालेल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातही नाही. आजही या दोन्ही उद्यानांत एकही हॉटेल नाही, आहेत त्या तंबू ठोकायच्या मोजक्या जागा. त्यामुळं उद्यानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा रात्रीचा भार मोआबवर पडतो.

१९४९ मध्ये हॉलिवूडवाले आले. जॉर्ज व्हाइट नावाच्या स्थानिक पशुपालकानं पुढाकार घेऊन चित्रपट समिती काढली. जॉन फोर्डचे ‘वॅगन मास्टर’ आणि ‘रिओ ग्रांदे’ इथं चित्रित झाले. चित्रपटाचा ताफा म्हणजे शेकडो माणसं आणि घोडे, आणि सगळ्यांना एकाच वेळी खायला-प्यायला-झोपायला हवं. गावानं पहिल्यांदा हिशेब पाहिला, की पीचच्या पेटीपेक्षा खाटेचे पैसे लवकर मिळतात. व्हाइटच्या नदीकाठच्या त्या जागेवर आज एक मोठं विश्रामस्थान आहे.

पण खरी उलथापालथ व्हायची होती. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण आजच्या मोआबचा घरांचा प्रश्न इथं जन्मला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारला अण्वस्त्रांसाठी युरेनियम हवं होतं. ग्राहक एकच, अणुऊर्जा आयोग. तो भाव बांधून देई, वर बक्षीस देई. मग गायगर यंत्र खांद्याला अडकवून हौशे-गवशे-नवशे सगळे वाळवंटात शिरले. त्यांतला एक चार्ली स्टीन. भूगर्भशास्त्र शिकलेला, कफल्लक, बायको आणि चार मुलं घेऊन सिस्को नावाच्या ओसाड रेल्वेवस्तीत डांबरी कागद मारलेल्या खोपटात राहत होता. १९५२ च्या जुलैत मोआबच्या आग्नेयेला लिस्बन दरीत त्याच्या ड्रिलमधून काळा दगड वर आला. तो दगड नेऊन पाहिला तर यंत्राचा काटा टोकाला जाऊन बसला. खाणीचं नाव त्यानं ठेवलं ‘मी वीदा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘माझं आयुष्य’. काही वर्षांत त्यानं गावावरच्या टेकडीवर मोठा बंगला बांधला. खोपटापासून टेकडीपर्यंतचा हा प्रवास गावातल्या प्रत्येक माणसाला खालून, रोज, दिसत होता. १९६० च्या दशकाअखेर करखात्यानं त्याची मालमत्ता जप्त केली. त्या बंगल्याचं पुढं उपाहारगृह झालं, तेही येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.

आता आकडे बघा. १९५० मध्ये मोआबची वस्ती १,२७४. १९६० मध्ये ४,६८२. दहा वर्षांत जवळपास पावणेचारपट. १९५६ मध्ये नदीकाठी युरेनियमची गिरणी सुरू झाली. एवढ्या माणसांना घरं कुठून आणणार? लोक तंबूत राहिले, गाडीत राहिले, आणि मुख्यतः ट्रेलरमध्ये राहिले. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. गाडीमागं ओढत आणायचं, रिकाम्या शेतात उभं करायचं, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मुख्य रस्त्यालगत मोटेलं उभी राहिली : एकमजली, दारासमोर गाडी, बाहेर रंगीत निऑनची पाटी. त्यांतल्या एका मोटेलात जॉन वेन उतरायचा, हे आजही तिथं अभिमानानं सांगतात. पण मोटेलात उतरणारा बहुधा ठेकेदार, दलाल, भांडवलवाला किंवा नट. खाणीत उतरणारा ट्रेलरमध्ये. ‘उतरणारा’ हा शब्द दोघांनाही लागू आहे, बघा.

याच काळात, १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत, एडवर्ड ॲबी नावाचा तरुण आर्चेसमध्ये हंगामी रेंजर म्हणून कामाला होता. तोही सरकारनं दिलेल्या ट्रेलरमध्येच राहायचा. लोखंडी डबा, उन्हात भट्टी. तो तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, त्यानं अराजकवाद आणि हिंसेची नीती यावर एम.ए.चा प्रबंध लिहिलेला. म्हणजे आमच्या जातकुळीतला. १९६८ मध्ये त्यानं ‘डेझर्ट सॉलिटेअर’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. डांबरी रस्ते करून, गाडीतून न उतरणाऱ्या माणसांना निसर्गात आणणं याला त्यानं औद्योगिक पर्यटन म्हटलं आणि कडाडून विरोध केला. १९५८ मध्ये तो डांबरी रस्ता झालाच. ॲबीचं पुस्तक वाचून कितीतरी लोक मोआबला येऊ लागले, त्याला अर्थात इलाज नव्हता. ॲबीचा विरोध मला पटतो, पण एका मर्यादेपर्यंत. त्याला आलेल्यांची गर्दी खुपत होती. त्या गर्दीची चाकरी करणाऱ्यांकडं त्याचं फारसं लक्ष गेलं नाही, हे मात्र मला नेहमी जाणवतं. एकांताचं तत्त्वज्ञान करणाऱ्यांचं असं होतं खरं.

युरेनियमचा भाव कोसळला. १९८४ मध्ये गिरणी बंद पडली. १९८० ला ५,३३३ असलेली वस्ती १९९० ला ३,९७१ वर आली. घरं रिकामी, दुकानांना कुलपं. नदीकाठी उरला किरणोत्सारी गाळाचा ढीग, एक कोटी साठ लाख टनांचा. तो तिथून हलवायला २००९ मध्ये सुरुवात झाली. रेल्वेच्या डब्यांतून साधारण पन्नास किलोमीटर उत्तरेला नेऊन पुरतात, आणि आता बहुतांश हलवून झाला आहे. बिनबुलावलेला हा पाहुणा अर्धं शतक मुक्काम करून राहिला.

मग सायकली आल्या. गावाच्या पूर्वेला गुळगुळीत वालुकाश्माचं एक पठार आहे, त्यावर १९६९ मध्ये मोटरसायकलींसाठी वाट आखलेली होती, ‘स्लिकरॉक’ नावाची. १९८० च्या दशकात जाड टायरच्या सायकली निघाल्या आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की या खडकावर त्या विलक्षण धरतात. गावात सायकलचं दुकान निघालं, मासिकांत फोटो आले. जीपवाल्यांचा ईस्टरचा मेळावा तर १९६७ पासून भरतच होता. काही वर्षांत वसंत ऋतूतली प्रत्येक शनिवार-रविवारची रात्र भरू लागली.

ही नवी मंडळी मोटेलात उतरणारी नव्हती. विद्यार्थी, खडकारोहक, खिसा हलका. ती सार्वजनिक जमिनीवर पाल ठोकायची. मोआबभोवतालची प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे, आणि तिच्यावर मुक्काम करणं बराच काळ फुकट आणि बिनपरवाना होतं. परिणाम काय झाला? शेकोटीसाठी ज्युनिपरची शंभरशंभर वर्षांची झाडं तोडली गेली. तिथल्या मातीवर एक जिवंत काळसर कवच असतं, सूक्ष्म जीवाणू आणि शेवाळं मिळून ते माती धरून ठेवतात. बुटाच्या एका पावलानं ते मोडतं आणि भरून यायला दशकं लागतात. शौचाची सोय नव्हती, त्याबद्दल अधिक बोलत नाही. १९९० च्या दशकात परिस्थिती हाताबाहेर गेली, तेव्हा काउंटी आणि ब्युरो यांनी मिळून ‘सँड फ्लॅट्स’ हे क्षेत्र व्यवस्थापनाखाली आणलं : आखलेल्या जागा, शुल्क, शौचकूप. आता गावाजवळच्या बऱ्याच भागात आखलेल्या जागेबाहेर तंबू टाकता येत नाही.

आणि एक नियम. सार्वजनिक जमिनीवर एका ठिकाणी साधारण १४ दिवसच राहता येतं, मग हलायचं. हा १४ चा आकडा लक्षात ठेवा. दुसरा आकडा ३०. यूटामधल्या नियमांत ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं भाड्यानं दिलेली जागा म्हणजे ‘रात्रीचा निवास’, त्याहून जास्त म्हणजे घर. तिसरा आकडा आपल्याकडचा, १. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथी शब्दाची फोड आहे : जो एकच रात्र राहतो, ज्याचं राहणं नित्य नाही, तो अतिथी. माणसाला पाहुणा कधीपर्यंत म्हणायचं याचं उत्तर प्रत्येक समाजानं रात्री मोजूनच दिलेलं दिसतं.

इथं कांटचं एक लिखाण उपयोगी पडतं. १७९५ साली त्यानं चिरशांतीवर छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, आतिथ्य ही भूतदया नाही, तो हक्क आहे. परक्या माणसाला केवळ तो आला म्हणून शत्रूसारखं वागवता येणार नाही. का? तर पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, शेवटी एकमेकांशेजारी त्यांना सोसून घ्यावंच लागणार. पण हा हक्क भेटीचा, पाहुणचाराचा नव्हे. दीर्घ काळ घरचा म्हणून राहायचं तर वेगळा करार हवा. कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर जवळजवळ न गेलेल्या माणसानं हे लिहावं, हे विशेषच. कांटच्या मांडणीत दोन पात्रं आहेत, येणारा आणि ज्याची भूमी आहे तो. मोआबनं तिसरं पात्र पुढं आणलं : जो यजमानाचं काम करतो, पण ज्याला स्वतःचं दार नाही.

२०१३ मध्ये यूटा राज्यानं आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची मोठी जाहिरात मोहीम काढली, ‘माइटी फाइव्ह’ नावाची. ती यशस्वी झाली, फारच. हॉटेलच्या प्रत्येक खोलीवर कर असतो, आणि राज्याच्या कायद्यानं त्यातला मोठा हिस्सा पर्यटनाच्या प्रसारावरच खर्च करणं बंधनकारक होतं. म्हणजे खाटांमधून पैसा, पैशातून जाहिरात, जाहिरातीतून माणसं, माणसांसाठी आणखी खाटा. मलनिस्सारणाला आणि कामगारांच्या घरांना त्यातून वळवणं अवघड. गावानं वर्षानुवर्षं ओरड केल्यावर अलीकडं ही अट थोडी सैल झाली. दरम्यान मुख्य रस्त्यावर साखळी-हॉटेलं तीन-चार मजल्यांनी वर गेली, आणि बाहेरच्यांनी घरं विकत घेतली ती वर्षातले काही आठवडे वापरायला.

काही वर्षांपूर्वी मुलीकडं डेन्व्हरला असताना आम्ही तिथं चार दिवस गेलो होतो. मोटेलच्या काउंटरवर रात्री एक पंचविशीतला मुलगा असायचा. मला झोप कमी, त्यामुळं गप्पा व्हायच्या. मी सहज विचारलं, तू गावातलाच का? तो म्हणाला, गाडीत राहतो, दर दोन आठवड्यांनी जागा बदलतो. मला खोलीची किल्ली देणारा माणूस कायद्याच्या लेखी स्वतः १४ दिवसांचा पाहुणा होता. तक्रार म्हणून नाही सांगितलं त्यानं. हवामान सांगावं तसं सांगितलं.

आता १९५० च्या दशकातले ते ट्रेलर आठवा. खाणकामगार गेले, ट्रेलर राहिले, आणि त्यांत आले हॉटेलांतल्या साफसफाईच्या बायका, स्वयंपाकी, होड्या चालवणारे वाटाडे. तात्पुरतं म्हणून आणलेलं घर तीन पिढ्यांचं कायमचं घर झालं. पण ट्रेलर तुमचा असला तरी खालची जमीन दुसऱ्याची. जमिनीचा भाव चढला की मालकाला ती हॉटेलवाल्याला विकण्यात फायदा, आणि साठ वर्षांचा जुना ट्रेलर आता चाकांवरून हलतही नाही. २०१८ मध्ये मोआब नगरपालिकेनं वॉलनट लेन नावाची अशी एक ट्रेलर-वस्ती स्वतःच विकत घेतली, रहिवासी बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून. फेब्रुवारी २०१९ मध्ये नगरपालिका आणि काउंटी दोघांनीही नव्या निवास-प्रकल्पांना तात्पुरती स्थगिती दिली आणि पुढं त्याच वर्षी जमीनवापराचे नियम कडक केले. ज्यांना आधीच परवानगी मिळाली होती ती हॉटेलं त्यानंतरही उघडत राहिली, हेही सांगायला हवं.

पर्यटनावर जगणाऱ्या गावानं ‘आता आणखी खोल्या नकोत’ असं म्हणावं, यावर बरीच टीका झाली. पोटावर पाय मारून घेताय, असं काहीजण म्हणाले. मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. यजमानपण हा धंदा असला तरी त्याला एक पूर्वअट आहे. दार उघडायला आधी दार लागतं. एका गावात ज्यांना रोज दार उघडावं लागतं त्यांनाच स्वतःचं दार नसेल, तर तिथं आतिथ्य चाललं आहे असं म्हणता येईल का, की नुसती खोल्यांची विक्री? त्या स्थगितीनं घरं स्वस्त झाली नाहीत, हे मला मान्य आहे. पण प्रश्न कुणाचा आहे हे तिनं कागदावर आणलं.

वेळ संपत आला. शेवटी एक प्रश्न चॅटमध्ये तिघाचौघांनी विचारला आहे, की आमची मुलं तिकडं आहेत, आम्हाला जायचं झालं तर कुठं उतरावं? वाजवी प्रश्न आहे. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले, पण तेव्हाच दर चढे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. आर्चेसमध्ये डेव्हिल्स गार्डन इथं ५१ तंबूजागा आहेत, त्या हंगामात आरक्षणानंच मिळतात आणि लवकर संपतात. कॅन्यनलँड्सच्या ‘आयलंड इन द स्काय’ भागात विलो फ्लॅटला फक्त १२, तिथं जो आधी येईल त्याला जागा. डेड हॉर्स पॉइंट राज्य उद्यानात गोल तंबूघरं आहेत, ज्येष्ठांना ती सोयीची. नदीकाठच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यालगत ब्युरोच्या तंबूजागा आहेत, दुपारच्या आत पोहोचलात तर मिळण्याची आशा. नाहीतर गावातली मोटेलं आहेतच. तिथं चार रात्री राहिलात तर खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज सकाळी थोडे पैसे उशाशी ठेवत जा, शेवटच्या दिवशी एकदम नको. रोज तीच बाई येते असं नसतं. आणि विलो फ्लॅटला जाणार असाल तर पाणी आधीच भरून घ्या, तिथं नळ नाही.